फ्रीझरमध्ये बर्फ होतोय, खाली दूध नासतंय: गॅस भरण्याआधी आतलं पॅनेल उघडायला लावा

चिपळूणजवळून एका ताईंनी विचारलं आहे. घरात 260 लिटरचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रिज, इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा, सात वर्षं वापरातला. पंधरवड्यापासून वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ होतो, पण खाली दूध नासतं, भाजी दोन दिवसांत मऊ पडते. गावातल्या मेकॅनिकने मागे हात लावून पाहिलं आणि गॅस संपलाय म्हणून 4,800 रुपये सांगितले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस कॉम्प्रेसर आणि कार्ड (फ्रिज चालवणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी) दोन्ही बदलावं लागेल, 13,000 होतील, असं म्हणून गेला. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणतोय की खर्च करूच नका, नवीन घ्या. फ्रिजमध्ये यजमानांचं इन्सुलिनही असतं.

ताई, आधी इन्सुलिन. न उघडलेल्या बाटल्या किंवा पेनची काडतुसं 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजेत, म्हणून ती आजच शेजाऱ्यांच्या चालू फ्रिजमध्ये हलवा. वरचा फ्रीझर गार आहे म्हणून तिथे मात्र ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला ठीक दिसलं तरी कामाचं राहत नाही. हे पंधरा दिवस जे खालच्या कप्प्यात होतं, ते वापरायचं की टाकायचं हे डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारून ठरवा.

आता फ्रिज. दुरुस्त करायचा की नवीन घ्यायचा, हा प्रश्न आज सुटणार नाही, कारण नेमकं काय बिघडलंय हे अजून कोणी पाहिलेलंच नाही. तुम्हाला दोन किमती मिळाल्या आहेत, निदान एकही नाही. दोघांपैकी कोणी फ्रीझरच्या आतलं मागचं पॅनेल उघडलं होतं का? तुम्ही लिहिलंय त्यावरून नाही. ते उघडल्याशिवाय या तक्रारीत कोणालाही काही ठामपणे सांगता येत नाही.

तुमच्या फ्रिजमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल एकच आहे. ती फ्रीझरच्या मागच्या भिंतीत, प्लॅस्टिकच्या पॅनेलमागे असते. तिच्याजवळचा छोटा पंखा गार हवा फ्रीझरमध्ये फेकतो आणि त्यातलीच थोडी हवा एका नळीतून खालच्या कप्प्यात उतरते. खाली वेगळी कॉइल नसते. म्हणजे खाली थंडावा पोहोचतो तो पूर्णपणे हवेच्या जोरावर. हवेतल्या दमटपणामुळे कॉइलवर हिमाचा थर बसत राहतो. तो वितळवण्यासाठी कॉइलखाली एक हीटर असतो. दिवसातून एकदा-दोनदा कॉम्प्रेसर थांबतो, हीटर काही मिनिटं पेटतो, हिम वितळतं आणि पाणी मागच्या ट्रेमध्ये जाऊन वाफ होऊन उडून जातं. आपल्याला यातलं काहीच दिसत नाही, म्हणूनच या फ्रिजला फ्रॉस्ट फ्री म्हणतात.

हा हीटर किंवा त्याला चालू-बंद करणारा एखादा भाग बिघडला की हिम वितळायचं थांबतं. थरावर थर चढतो, कॉइलच्या पात्यांमधल्या फटी बुजतात आणि पंख्याला ओढायला हवाच उरत नाही. कॉइल फ्रीझरला चिकटून असल्यामुळे फ्रीझर बराच काळ गार राहतो. खालचा कप्पा मात्र तापायला लागतो. वर बर्फ आणि खाली नासलेलं दूध ही जोडी पाहिली की मी पहिला संशय डीफ्रॉस्टवर, म्हणजे हिम वितळवण्याच्या या यंत्रणेवर घेतो, दुसरा पंख्यावर. गॅस त्यानंतर येतो. कोकणात पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की हीटर बंद पडल्यावर थोड्याच दिवसांत कॉइल पूर्ण झाकली जाते.

गॅस संपला हे वाक्य मला फार खटकतं. फ्रिजमधला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो, वीस वर्षंही तेवढाच राहू शकतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती शोधून बंद न करता नवीन गॅस भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडणं. गॅस भरायचा असं कोणी म्हणालं की एवढंच विचारा: लीकेज कुठे आहे, आणि ते मला दाखवाल का?

यात एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि तिच्यापायी लोकांचे खूप पैसे जातात. तुमच्यासारख्या तक्रारीत गॅस भरला की फ्रिज खरोखर सुरू होतो, आठ-दहा दिवस छान चालतो आणि मग पुन्हा तेच. मेकॅनिक म्हणतो, गॅस पुन्हा गेला, लीकेज बारीक असेल. खरं काय झालं? गॅस भरण्यासाठी फ्रिज अर्धा-पाऊण दिवस बंद होता, दारं उघडी होती, तेवढ्यात कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळला. फ्रिज सुरू झाला तो त्यामुळे. हीटर तसाच मेलेला आहे, म्हणून नवीन बर्फ साचला आणि गाडी मूळ पदावर आली. गॅसचे पैसे दोन-दोनदा दिलेली घरं मी पाहिली आहेत, आणि दोन्ही वेळा गॅस मुळात पुरेसा होता.

हीच गोष्ट तुम्हाला फुकटात तपासता येईल. फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि पूर्ण चोवीस तास तसाच राहू द्या. खाली जुनी चादर किंवा गोणपाट अंथरा, पाणी बरंच येईल. किती पाणी आलं तेही लक्षात ठेवा, कारण निरोगी फ्रॉस्ट फ्री फ्रिजमधून इतकं पाणी निघत नाही. बर्फ काढायला सुरी, स्क्रूड्रायव्हर असलं काहीही वापरू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, टोक लागलं की भोक पडतं आणि नसलेली गळती खरोखरच तयार होते. चोवीस तासांनी फ्रिज लावा. दुसऱ्या दिवशी खालचा कप्पा नीट गार झाला आणि काही दिवसांनी पुन्हा तापू लागला, तर डीफ्रॉस्टचा बिघाड आहे हे जवळपास नक्की. गॅस गेला असता तर नुसतं बंद ठेवून थंडावा परत आला नसता.

त्याआधी, आज संध्याकाळीच, आणखी दोन-तीन गोष्टी पाहून ठेवा. फ्रीझरच्या मागच्या जाळीसमोर काय ठेवलंय? आपल्याकडे फ्रीझरमध्ये खवलेलं खोबरं, मासे, आमरसाचे डबे अगदी ठासून भरलेले असतात. जाळीला पिशवी टेकली की हवेचा रस्ता बंद. चार बोटं जागा मोकळी ठेवा. मग फ्रीझरचं दार उघडं ठेवून दाराजवळचं बटण बोटाने दाबून धरा आणि कान द्या. बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडल्यावर पंखा थांबतो, बटण दाबलं की फिरायला लागतो. त्या वेळी कॉम्प्रेसर चालू असायला हवा. पंख्याचा आवाज अजिबात नसेल तर पंखा गेलाय किंवा बर्फात अडकलाय. करकर आवाज येत असेल तर पाती बर्फाला घासताहेत. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय का तेही बघा. निचऱ्याची नळी बर्फाने तुंबली की पाणी तिथे उतरतं. आणि दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा, नोट अलगद सरकून बाहेर आली तर तिथून दमट हवा आत जातेय.

तुम्ही म्हणाल, बर्फ होतोय म्हणजे गॅस आणि कॉम्प्रेसर दोन्ही ठीक आहेत असं धरायचं का? नेहमी नाही. पाणी शून्य अंशाला गोठतं. गॅस अर्धा झालेला किंवा कॉम्प्रेसर थकलेला फ्रिजही ट्रेमध्ये बर्फ जमवू शकतो. त्यापेक्षा चांगली परीक्षा आइस्क्रीमची. फ्रीझर उणे अठराच्या आसपास असेल तर आइस्क्रीम दगडासारखं घट्ट राहतं, चमचा सहज जात नाही. बर्फ आहे पण आइस्क्रीम मऊ पडतंय, असं असेल तर फ्रीझरही पूर्ण गार होत नाहीये आणि गॅसकडे किंवा कॉम्प्रेसरकडे पाहावं लागेल. मात्र कॉइल फार बुजली की शेवटी फ्रीझरचाही थंडावा उतरतो. म्हणून ही परीक्षा चोवीस तास बंद ठेवून पुन्हा लावल्यानंतर, एक पूर्ण दिवस जाऊ देऊन करा. तेव्हा आइस्क्रीम घट्ट झालं, तर 13,000 रुपयांचा कॉम्प्रेसर-कार्डाचा अंदाज बाजूला ठेवायला हरकत नाही. मेलेला कॉम्प्रेसर आइस्क्रीम घट्ट करत नाही.

मेकॅनिक पॅनेल उघडेल तेव्हा तुम्ही शेजारी उभ्या राहा आणि फोटो काढा. पॅनेलचे स्क्रू बहुतेक वेळा छोट्या प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली लपलेले असतात. बर्फ जास्त असेल तर स्क्रू काढूनही पॅनेल सुटत नाही, ते ओढून तोडू देऊ नका. गरम पाण्याचं फडकं लावून सैल होऊ द्या. उघडल्यावर कॉइलवरचं हिम कसं बसलंय ते नीट बघा, सगळं उत्तर तिथे आहे. संपूर्ण कॉइल वरपासून खालपर्यंत पांढऱ्या बर्फाने भरलेली, पाती दिसतही नाहीत, असं असेल तर गॅस आहे, कॉम्प्रेसर आहे, फक्त बर्फ वितळत नाहीये. उलट वरच्या एक-दोन वेटोळ्यांवरच हिम आणि बाकीची कॉइल कोरडी, उघडी असेल, तर गॅस कमी आहे किंवा कॅपिलरी, म्हणजे गॅसची केसासारखी बारीक नळी, तुंबली आहे. आणि संपूर्ण कॉइलवर अगदी पातळ, एकसारखं हिम असेल, पण पंखा फिरत नसेल, तर पंख्याची मोटर. याला मल्टीमीटरही (वायरी-भाग तपासायचं यंत्र) लागत नाही, डोळे पुरतात.

डीफ्रॉस्टचाच दोष निघाला, तर त्यात कोणता भाग गेलाय हे मीटर लावून काढायचं. जुन्या साध्या मॉडेलमध्ये टायमर आणि बायमेटल थर्मोस्टॅट (तापमानाप्रमाणे आपोआप जोडला-तुटणारा स्विच) असतात. तुमच्यासारख्या कार्डवाल्या मॉडेलमध्ये टायमरचं काम कार्ड करतं आणि कॉइलवर सेन्सर बसवलेला असतो. हीटर आणि थर्मल फ्यूज दोन्हींत असतात. हीटर 150 वॅटचा असेल तर मीटरवर साधारण साडेतीनशे ओहम दिसायला हवेत. काहीच दिसत नसेल तर हीटरची तार आतून तुटली आहे. थर्मल फ्यूज म्हणजे सुरक्षेचा भाग; हीटर बंद व्हायचा राहिला आणि तापमान साधारण सत्तर अंशांपुढे गेलं की तो कायमचा तुटतो. फ्यूज तुटलेला सापडला की चांगला मेकॅनिक तो का तुटला हेही शोधतो, कारण सेन्सर चुकीचं वाचत असेल तर नवीन फ्यूजही जाईल.

तुमच्याही फ्रिजमध्ये सेन्सरऐवजी बायमेटल निघाला, तर तो तपासताना गल्लत होते ती अशी. बायमेटल गार असताना जोडलेला असतो आणि खोलीच्या तापमानाला उघडा. बाहेर काढून, हातात धरून मीटर लावला तर चांगला बायमेटलही तुटलेला दिसतो. तो बर्फात बुडवून मग मोजावा लागतो. मेकॅनिकने टेबलावरच मोजून हा गेला म्हटलं, तर नम्रपणे बर्फाचा वाडगा पुढे करा.

एका गोष्टीवर मात्र अजिबात तडजोड करू नका. फ्यूज मिळत नाही म्हणून दोन वायरी थेट जोडून देतो, चालेल, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. दोन दिवस उशीर झाला तरी चालेल. कॉम्प्रेसरवरच्या किंवा फ्रिजच्या आतल्या पट्टीवर गॅसचं नाव लिहिलेलं असतं. तुमच्या फ्रिजवर आर-600ए लिहिलेलं असेल, तर तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुटुंबातला, पेट घेणारा. प्रमाण कमी असतं, घरगुती फ्रिजमध्ये साधारण पन्नास ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे नीट वापरात काही धोका नसतो. पण जिथे हा गॅस फिरतो तिथेच सुरक्षेचा फ्यूज काढून टाकलेला हीटर जळत ठेवायचा, हे मला कुठल्याही बचतीसाठी मान्य नाही.

खर्चाचं सांगायचं तर हीटर, फ्यूज, सेन्सर हे भाग काही शे रुपयांपासून हजार-दीड हजारांपर्यंत येतात, मजुरी वेगळी. पंख्याची मोटर थोडी जास्त. कार्ड महाग असतं, पण कार्ड गेलंय हे सगळ्यांत शेवटी मान्य करायचं, हीटर, फ्यूज, सेन्सर, पंखा आणि त्यांची जोडणी हे सगळं मोजून झाल्यावर. कार्ड बदललं आणि तरी तेच, अशा तक्रारी माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा एखादा सडलेला कनेक्टर सापडतो.

यावरून एक विचारतो. जुलै 2021 च्या पुरात वाशिष्ठी नदीचं पाणी तुमच्या घरात आलं होतं का? फ्रिज तेव्हा तुमच्याकडे असणार. त्या पुरात बुडालेले कितीतरी फ्रिज लोकांनी नीट न सुकवता लावले आणि कार्डं जळाली. आणि जे तेव्हा वाचले, त्यांच्या खालच्या वायरींच्या जोडांमध्ये हळूहळू हिरवट गंज धरत गेला. तसं असेल तर मेकॅनिकला आधीच सांगा. मागचा खालचा पत्रा काढून कॉम्प्रेसरजवळचे सगळे जोड साफ करून बघायला हवेत. तिथेच उंदरांनी कुरतडलेली वायरही पाहून घ्या, आपल्याकडे हे कारण वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

समजा खरोखरच गॅस गेलेला निघाला. मग काम कसं व्हायला हवं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला समोर बघता येईल. आधी गळती शोधायची, त्यासाठी नळ्यांमध्ये नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचा फेस लावतात. गळतीच्या जागी बऱ्याचदा तेलाचा डाग असतो, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. गळती बंद झाल्यावर गॅसच्या नळीतला, ओलावा आणि कचरा धरणारा जुना फिल्टर कापून नवा बसवायचा. नळी उघडली की हा फिल्टर बदलणं सक्तीचंच समजा. मग पंप लावून व्हॅक्यूम मारायचा, म्हणजे नळ्यांतली हवा काढायची, किमान अर्धा तास. त्यानंतर काट्यावर मोजून, पट्टीवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम गॅस भरायचा. जिथे एकूण गॅसच पन्नास ग्रॅम आहे तिथे हाताच्या अंदाजाने पंधरा ग्रॅम कमी-जास्त झाला तरी फ्रिज बिघडलेलाच राहतो. ज्याच्याकडे व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा नाही, त्याच्याकडून आर-600ए चा फ्रिज भरून घेऊ नका. 600ए च्या जागी 134ए हा दुसरा गॅस भरणं किंवा उलट, हेही नाही; तेल, दाब, कॉम्प्रेसर सगळं वेगळं असतं. गॅसचं काम घरात होत असेल तर खिडक्या उघड्या, चूल बंद, देवापुढचा दिवासुद्धा शांत झालेला असू द्या.

गळती कुठे आहे यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. कॉम्प्रेसरजवळच्या जोडावर किंवा फ्रीझरच्या कॉइलवर असेल तर दुरुस्ती करण्यासारखी आहे. पण हल्लीच्या फ्रिजमध्ये गरम नळ्या बाजूच्या पत्र्यांच्या आत, फोममध्ये गाडलेल्या असतात, दाराच्या चौकटीभोवतीही एक नळी फिरते. खाऱ्या हवेत या लोखंडी नळ्या गंजतात. तिथे गळती असेल तर बाहेरून नळ्यांची वेगळी जाळी बसवून रस्ता काढता येतो, काही जण ते नीटही करतात, पण सात वर्षांच्या, किनाऱ्याजवळच्या फ्रिजसाठी मी तो खर्च सुचवणार नाही. त्याच वयाचा फ्रिज साताऱ्यात किंवा नगरला असता तर कदाचित वेगळं म्हणालो असतो.

मुलगा नवीन घ्यायला सांगतोय, त्याचंही चूक नाही, लांब राहून आईबाबांची काळजी वाटते. पण नुसत्या हीटरसाठी चालता फ्रिज काढू नका. माझा हिशेब साधा आहे: फ्रिज दहा वर्षांच्या पुढचा आणि खर्च नव्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, तर नवीन. त्याखाली असेल तर दुरुस्ती. विजेचं बिल वाचेल म्हणून नवीन घ्या असं दुकानदार सांगेल, ते लेबल वाचून पडताळा. फ्रॉस्ट फ्री फ्रिजवर 2010 पासून स्टार लेबल सक्तीचं आहे आणि त्यावर वर्षाला किती युनिट लागतील हे छापलेलं असतं. समजा जुना 300 युनिट घेतो आणि नवा 200. वर्षाला शंभर युनिटांचा फरक, दहा रुपये युनिट धरलं तरी हजार रुपये. तीस हजारांचा फ्रिज एवढ्यासाठी बदलायचा नसतो. लेबलवरचं वर्षही बघा, कारण निकष कडक होत जातात आणि जुन्या वर्षाचे चार स्टार नव्या वर्षाच्या चार स्टारइतके नसतात.

घ्यायचाच झाला आणि तुमच्याकडे वीज सारखी जात असेल, तर साधा सिंगल डोअर डायरेक्ट कूल फ्रिज विचारात घ्या. बर्फ हाताने काढावा लागतो, पण त्यात पंखा नाही, डीफ्रॉस्टचं कार्ड नाही, बिघडायला जागा कमी. दोघांच्या घराला तेवढा पुरतो. आणि कुठलाही इन्व्हर्टर फ्रिज असला, त्यावर स्टॅबिलायझर नको असं लिहिलेलं असलं, तरी विजा कडाडायला लागल्या की प्लग काढून ठेवा. व्होल्टेज कमी-जास्त झालेलं तो सांभाळतो, वीज पडल्यावर लाइनमधून येणारा झटका सांभाळत नाही. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात सगळ्यांत जास्त कार्डं त्याच झटक्याने जातात.

वॉरंटी कार्ड शोधा. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरवर अनेक कंपन्या दहा वर्षांची वॉरंटी देतात, म्हणजे तुमची अजून चालू असू शकते. ती बहुधा फक्त कॉम्प्रेसर या भागापुरती असते. गॅस, फिल्टर, मजुरी, नेण्या-आणण्याचा खर्च वेगळा लावतात. तरीही सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या 13,000 मध्ये कॉम्प्रेसरची किंमत धरली असेल, तर ती का धरली हे लेखी विचारा. जॉबशीटवर (मेकॅनिक भरून देतो त्या कामाच्या कागदावर) दोष काय सापडला, काय मोजलं, कोणता भाग बदलायचा हे लिहून घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. बिलावर दुरुस्तीची वॉरंटी किती दिवसांची ते लिहायला लावा. आणि काम पूर्ण होऊन फ्रिज एक दिवस चालल्याशिवाय मोबाइलवर आलेला तक्रार-बंद करण्याचा कोड कोणालाही सांगू नका. तो सांगितला की त्यांच्या नोंदीत तुमची तक्रार सुटलेली असते, मग पुन्हा पहिल्यापासून.

कस्टमर केअरचा नंबर इंटरनेटवर शोधू नका. पहिल्या दिसणाऱ्या नंबरांत बनावट नंबर मिसळलेले असतात. ते लिंक पाठवतात, दहा रुपये भरा म्हणतात आणि खातं रिकामं होतं. नंबर बिलावरून किंवा फ्रिजच्या आतल्या स्टिकरवरून घ्या. चुकून फसवणूक झालीच तर ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर कराल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तिथे नोंदवलेली तक्रार कंपनीपर्यंत जाते आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. जुलै 2020 पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी नाही. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करायची असते. बिल, वॉरंटी कार्ड, जॉबशीट आणि तुम्ही काढलेले कॉइलचे फोटो, एवढी कागदपत्रं हातात असली की तुमची बाजू भक्कम असते.

जुना फ्रिज काढायची वेळ आलीच, तर नळ्या कापून तांबं काढणाऱ्याला देऊ नका. 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रिज येतो. त्यामुळे कंपनीच्या किंवा दुकानाच्या एक्स्चेंजमध्ये द्या, किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला. आत 134ए असेल तर तो हवेत सोडणं कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरून ठेवण्यासारखं आहे. आणि फ्रिज अंगणात, पडवीत काही दिवस पडून राहणार असेल तर आधी त्याची दारं काढून ठेवा, लहान मुलं लपाछपी खेळताना आत शिरतात.

तर या आठवड्यात फ्रिज चोवीस तास बंद ठेवा, मग लावा, एक दिवसाने आइस्क्रीम बघा. फ्रिज पुन्हा बिघडला की तो बंद न करता मेकॅनिकला बोलवा, म्हणजे पॅनेल उघडल्यावर बर्फ जसाच्या तसा दिसेल. फोनवरच त्याला सांगा: डीफ्रॉस्टचा हीटर, फ्यूज आणि सेन्सर तपासायचा आहे, मीटर घेऊन या. हे ऐकून जो येतो, तो बहुतेक काम जाणणारा असतो. पॅनेल उघडल्यावर कॉइल बर्फाने गच्च निघाली तर दुरुस्ती करून घ्या, हा फ्रिज अजून काही वर्षं सहज चालेल. वरच्या दोन वेटोळ्यांवरच हिम दिसलं तर मात्र आधी गळतीची जागा शोधायला लावा; ती बाहेर सापडली तर भरून घ्या, पत्र्याच्या आत निघाली तर मुलाला फोन करून नवीन मागवा.